चार एकत्र, एक बाजूला

पेंटर फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
१४ सप्टेंबर २०१४

ड्रेमे,

तुझं पत्र आलं. जेवतेस-खातेस की नाही ते शेवटच्या ओळीत, त्याआधी दोन पानं नुसती बंदूक. मला वाटलं पत्र बंदुकीनेच लिहिलंय.

बंदुका घडवायच्या शाळेत सगळ्या वर्गाने लांब रायफली करायला घेतल्या आणि तू एकटीने आखूड नळीची घेतलीस. का गं? उरलेली नळी उंदरांनी खाल्ली? चाप ओढला की एक गोळी जाते, दुसरी आपली आपण चढते, आणि नळी माझ्या लाटण्याएवढी. तेवढ्यासाठी सरकारला अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, आणि वर सहा महिने वाट बघायची. तुझ्या आजोबांशी माझं लग्न लागलं तेव्हा पाद्र्याने सुद्धा इतकी चौकशी केली नव्हती, आणि हॉबर्ट त्या रायफलीपेक्षा जास्त धोक्याचा होता.

इकडे सगळं आहे तसंच. मोबाइल अजून चालत नाही. ताऱ्यांचं बोलणं ऐकणारी ती पांढरी थाळी डोंगराआड आहे आणि तिच्या कानाला गोंगाट नको म्हणून सरकारची बंदी आहे, तोवर चालणारही नाही. बरंच आहे. फोनवरचं बोलणं हवेत जातं, पत्र निदान चूल पेटवायला होतं.

बर्ल पोस्टवाला अजून जाळीचं दार आपटतो. वीस वर्षं सांगतेय, बाबा, हळू लाव. काल म्हणाला, "मावशी, हॉबर्टला जाऊन सात वर्षं झाली. आता कोणाची झोप मोडतेय?" मी म्हटलं, "कॉफी हवी असेल तर दार परत उघड आणि नीट लाव." गेला बिचारा, परत लावलं.

आजोबा कातड्याच्या कारखान्यात रातपाळी करायचे ते तुला आठवत असेलच. दिवसा झोप. तुझ्या आईने तुला इथे सोडलं तेव्हा तू चार वर्षांची. पहिल्या दिवशी मी तुला दोनच गोष्टी सांगितल्या: विहिरीकडे जायचं नाही, आणि दार आपटायचं नाही.

रायफल कशी चालते ते कळव. नुसतं "छान" लिहू नकोस. कागदावर गोळ्या कुठे पडल्या ते लिही.

आजी


२५ सप्टेंबर

आजी,

जेवते-खाते. झालं?

आता बंदूक. छान नाहीच. काल चांदमारीच्या मैदानावर पहिल्यांदा नीट तपासली. शंभर पावलांवर कागद, टेबलावर वाळूची पिशवी, पाच पाच गोळ्या. केसलर मास्तरांची अट अशी की पाचही गोळ्या बरणीच्या झाकणात मावल्या पाहिजेत. ते खिशात खरोखरचं झाकण घेऊन फिरतात, कागदावर ठेवून बघतात.

माझ्या चार गोळ्या एकत्र पडतात. इतक्या एकत्र की भोकाला भोक लागतं. आणि एक बाजूला. दर वेळी. चार एकत्र, एक बाजूला, वर उजवीकडे. मी स्क्रू आवळले, रायफलीवरची छोटी दुर्बीण काढून परत बसवली, काडतुसं बदलली, श्वास बदलला. मास्तर म्हणतात, "पोरी, ती एक गोळी तुझी आहे, रायफलीची नाही. तू दचकतेस." मी दचकत नाही, आजी. तुझ्या घरात वाढलेली मुलगी बंदुकीला काय दचकणार?

शेवटची परीक्षा पाच डिसेंबरला. त्या दिवशी पाच गोळ्या झाकणात गेल्या नाहीत तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर एल्किन्सच्या बंदुकीच्या दुकानातली जागाही नाही. त्यांनी जानेवारीपासून ये म्हटलंय, पण कागद घेऊन ये म्हणाले. एल्किन्स म्हणजे तुझ्यापासून तासाभरावर. दर शनिवारी येता येईल. ते गेलं तर कुठल्या तरी लांबच्या गोदामात खोकी उचलायची.

कागद सोबत पाठवतेय, सहा आहेत. तू आजोबांच्या शेजारी तीस वर्षं दुर्बिणीला डोळा लावून बसलीस. बघ काही दिसतंय का.

ड्रेमा


४ ऑक्टोबर

ड्रेमे,

कागद पाहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीला लावून, उजेडात. भोकं ओळखायला मला चष्मा लागत नाही.

पहिला प्रश्न. भोकांना नंबर कुठे आहेत?

पाच गोळ्या झाडल्यास, मग शंभर पावलं चालत जाऊन कागद काढून आणलास. यात पहिली कुठली आणि पाचवी कुठली? तुला माहीत नाही. केसलर मास्तरालाही माहीत नाही. मग ती बाजूची गोळी कोणाची ते त्याला स्वप्नात दिसलं का? ज्याला क्रम माहीत नाही त्याने कारण सांगू नये. हे हॉबर्टचं वाक्य आहे, माझं नाही. मी एवढं सभ्य बोलत नाही.

आपला शनिवार आठव. हरणांचा हंगाम सोमवारी उघडणार, त्याच्या आदल्या शनिवारी सगळं खोरं आपल्या रायफली घेऊन वर यायचं, लाकूडगाडीचे रूळ उखडले त्या सपाट पट्टीवर. गाडीच्या बॉनेटवर घोंगडी, घोंगडीवर माझ्या जुन्या मोज्यात भरलेला वाळका घेवडा, त्यावर रायफल. हॉबर्ट झाडायचा. मी बाजूला खुर्ची टाकून दुर्बिणीत बघायची. गोळी गेली की तो डोकंही वर करत नसे, नुसतं म्हणायचा, "व्हर्डी?" आणि मी कागदाला घड्याळ समजून म्हणायची, "एक. तीनच्या दिशेला, दोन बोटं." मांडीवरच्या दुसऱ्या कागदावर पेन्सिलीने तिथे टिंब आणि एक आकडा. मग, "व्हर्डी?" "दोन. सहाला, एक बोट." इंच मला शिकवलेच नाहीत. चौथीत शाळा सुटली, इंच बहुतेक पाचवीत होते. पण खोऱ्यातली एकही रायफल तिरकी गेली नाही. लोक सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या ठेवून जायचे, इतक्या की एका वर्षी मी डुकराला घातला.

ते कागद अजून कपाटाच्या फळ्यांवर अंथरलेत. वरच्या फळीवरचं पीठ भोकांतून खालच्या फळीवरच्या साखरेत गळतं. इतकी वर्षं आम्ही पिठाळ कॉफी प्यायलो, कोणी तक्रार केली नाही.

तर नंबर घाल. नंबर घातल्याशिवाय मला पुढचे कागद पाठवू नकोस, टपाल फुकट नाही.

आजी


१५ ऑक्टोबर

आजी,

नंबर घालायला दुसरं माणूस लागतं. मी नळीच्या मागे, बाजूच्या मोठ्या दुर्बिणीत कोण बघणार? एकेक गोळी झाडून उठून दुर्बीण बघितली तर हाताची बैठक मोडते, मग पाचही इकडेतिकडे जातात. ते करून बघितलं. आणि शेजारी बाकीचे झाडत असताना मधेच कागदाकडे चालत जायला परवानगी नाही.

वर्गातल्या पोरांना विचारलं. एकाने डोळा लावला आणि म्हणाला, "तीन नंबरची छान गेली." कुठे गेली? "त्या तिकडे." तिकडे म्हणजे? "तिकडे गं." आजी, तुझ्यासारखं सांगणारं इथे कोणी नाही. पाच गोळ्यांत मला पाच मतं मिळाली.

म्हणून मी ठरवलंय. हंगामाच्या आदल्या शनिवारी घरी येते. त्याच पट्टीवर, त्याच मोज्यावर. मी झाडते, तू सांग. आजोबांच्या वेळेसारखं. तुझ्या पाच आकड्यांनी माझं काम होईल, मला खात्री आहे.

एकच अडचण. आखूड नळीची रायफल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला सरकारची वेगळी परवानगी लागते, तिथे नुसतं आजीला भेटायला जायचं असलं तरी. अर्ज टाकलाय. कारणाच्या जागी "नेम तपासणे" लिहिलं. खरं म्हणजे "पाय" लिहायला हवं होतं. सफरचंदाचा, तू भट्टीत भाजतेस तो.

दुर्बीण पुसून ठेव.

ड्रेमा


२४ ऑक्टोबर

ड्रेमे,

तू येणार म्हटल्यावर मला आनंद झाला असं लिहायचं असतं, ते लिहिलं.

आता शहाणपणाचं ऐक. पट्टीवर जायचा रस्ता पावसाने खचलाय. दुर्बिणीत उंदरांनी घर केलं असावं, पेटी उघडवत नाही. माझे गुडघे थंडीत बसू देत नाहीत. शिवाय शनिवार आता शनिवार राहिला नाही, लोक गावातल्या दुकानात जातात, तिथे यंत्रावर नेम बसवून देतात. बर्लला घेऊन जा ना. त्याचे डोळे चांगले आहेत, रस्त्यापलीकडच्या पत्रांच्या डब्यांवरची नावं वाचतो.

आणि सरकार तरी कशाला परवानगी देईल? तुझा मामा परवानगी लागत नसूनही पाच वर्षांत आला नाही, आणि ही बंदूक परवानगी काढून येणार. लाजायला पाहिजे, पण तो लाजेल असं वाटत नाही.

पाय करून पाठवते. तुला तिथे बसूनच खाता येईल.

आजी


८ नोव्हेंबर

आजी,

परवानगी आली! शुक्रवारी, एकवीसला, संध्याकाळी पोचते. रस्ता खचला असेल तर चालत जाऊ. दुर्बिणीत उंदीर असतील तर मी इथून दुसरी आणते. गुडघ्यांसाठी उशी आणते. आता सांग, आणखी काय मोडलंय?

तू रागावलीस का? तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, दोन शब्द कागदाबाहेरच गेले. तू रागात लिहितेस तेव्हा असं होतं. आखूड नळी तुला पटली नाही हे मला कळलं. पण ती मी हौसेने नाही केली. मागच्या हिवाळ्यात तू लिहिलं होतंस, आजोबांची रायफल आता खांद्यापर्यंत जात नाही, म्हणून अस्वल परसातल्या मधमाश्यांच्या पेट्या फोडून गेलं आणि तू दारातून नुसती शिव्या देत राहिलीस. ही निम्म्या वजनाची आहे. दस्ता तुझ्या हाताच्या मापाचा कापलाय. बर्लला तुझ्या अंगरख्याची बाही मोजायला सांगितली होती, त्याने तोंड उघडलं नाही म्हणजे कमालच झाली.

कागदोपत्री ती माझीच राहील, पण मी शेजारी असताना तू झाडायची. तुझ्याकडून शिव्या चांगल्या जातात, पण अस्वलाला इंग्रजी येत नाही.

बर्लला मी नेणार नाही. मला तू हवी आहेस.

ड्रेमा


२४ नोव्हेंबर

आजी,

शनिवारी मी काही बोलले नाही. बर्फ सुरू झालं, घाट बंद होईल म्हणून निघाले, असं सगळ्यांना सांगितलं. तेही खरं होतं.

तू पाच आकडे सांगितलेस. "एक, बारा वाजता, एक बोट. दोन, मधोमध. तीन, मधोमध." आवाज अगदी तोच. मला सात वर्षांची असल्यासारखं वाटलं. मी पाच झाडून कागदाकडे गेले. बाराच्या दिशेला एक बोटावर भोक नव्हतंच. एकही तुझ्या जागी नव्हतं. आणि परत आले तेव्हा तू दुर्बिणीला डोळा लावूनच बसली होतीस, झाकण न काढता.

झाकण न काढता, आजी.

कधीपासून? मी सबंध रस्ता तेच विचारत होते. जुलैमध्ये आले तेव्हा पण? पत्रं कोण वाचून दाखवतं? मी तीनशे मैल तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर आले, आणि तू एका शब्दाने सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर बैठक मोडली तरी मी दिवसभर एकेक गोळी झाडून स्वतः चालत जाऊन पाहिली असती. तिथे अडवणारं कोणी नव्हतं. दिवस होता, पट्टी होती, सगळं होतं. आता परीक्षेला अकरा दिवस आहेत आणि माझ्याकडे परत नंबर नसलेला कागद आहे. चार एकत्र, एक बाजूला.

मला तुझा राग आलाय. तुझी काळजी पण वाटते, पण आधी राग.

ड्रेमा


२६ नोव्हेंबर

ड्रेमे,

तुझं पत्र बर्लने वाचून दाखवलं. "झाकण न काढता" इथे थांबला आणि कॉफी प्यायला लागला. मी म्हटलं, "वाच पुढे, मला दिसत नाही, ऐकू येतं." आता तुला कळलं पत्रं कोण वाचतं ते. पोस्टवाला अर्धा तास कॉफी पितो असं कुठे असतं का? दहा महिने पितोय. झोप लागत नाही म्हणतो.

मागच्या जानेवारीपासून. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय, राखेचं बोट लागल्यासारखा. कडेने दिसतं. चूल दिसते, दार दिसतं, माणूस दिसतं, माणसाचं तोंड दिसत नाही. काही माणसांच्या बाबतीत बरंच आहे. लिहिते ते जाड काळ्या पेनाने, खाली पट्टी धरून. पट्टी सरकली की ओळ ओळीवर चढते. तो राग नव्हता. राग आला की मी लिहीतच नाही.

तुझे सहा कागद मी खिडकीला लावून पाहिले हे खोटं नाही. उजेड भोकांतून येतो तेवढा कडेने कळतो, बाकीचं बोटांनी. भोकाच्या मागच्या बाजूला कागद फाटून वर येतो, तो बोटाला लागतो.

का सांगितलं नाही? कारण तू लिहिलंस, तुझ्यासारखं सांगणारं इथे कोणी नाही. सत्तर वर्षांत माझ्याबद्दल कोणी असं लिहिलं नव्हतं. म्हटलं, एक शनिवार निभावेल. पाच आकडे तर सांगायचेत. खोटं बोलले आणि तुझा दिवस घालवला. माफी मागायची मला सवय नाही, ही घे, परत मिळणार नाही.

पण रविवारपासून मी बसून विचार करतेय, आणि आता जे लिहिते ते दोनदा वाच.

शनिवारी तू बर्लला रायफल दाखवत होतीस, आठवतं? रिकामीच होती. काडतूस नळीत ढकलणारा तो बोल्ट मागे अडकवलास, बटण दाबलंस, आणि तो खाडकन पुढे बसला. बर्लच्या हातातला सफरचंदाच्या पायचा तुकडा खाली पडला. "अगं ए, माणूस मारशील!" म्हणाला. तू हसलीस आणि म्हणालीस, "बर्लकाका, स्प्रिंगच तशी आहे. ती अशीच बसते."

मग झाडायला बसलीस. काडतुसं भरलीस. मी झाकण लावलेल्या दुर्बिणीत बघत होते, म्हणजे मला ऐकण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. आवाज थोपवणारे कानांवरचे गोळे मी अजून चढवले नव्हते. आणि मला खाडकन ऐकू आलंच नाही. मला ऐकू आलं, सर्र... टिक.

तो आवाज मी ओळखते. पंधरा वर्षं ऐकलाय. चार वर्षांची पोर दोन्ही हातांनी जाळीचं दार धरून, जीभ दातात पकडून, हळूहळू पुढे आणते, आणि शेवटी कडी नुसती टेकते. सर्र, टिक. आजोबा झोपलेत.

तू बोल्ट हाताने धरून हळू पुढे नेतेस, ड्रेमे. हॉबर्टच्या जुन्या रायफलीला ते चालायचं, ती हातानेच लावायची होती, आणि तोही हळूच लावायचा. पण ही स्प्रिंगची आहे. तिला आपटायचं असतं, नाहीतर काडतूस पुरतं बसत नाही आणि गोळी भलतीकडे जाते. पहिलं काडतूस तू बसवतेस, टिक. पुढची चार ती स्वतः बसवते, खाडकन. एक तुझ्या शिस्तीचं, चार तिच्या. चार एकत्र, एक बाजूला.

त्या गोळीला नंबर एक आहे. मला दिसत नाही, पण पैज लावते. केसलर मास्तर बरोबर बोलला, ती गोळी तुझीच आहे. फक्त तू दचकत नाहीस. तुला चांगलं वळण लावलंय, एवढाच दोष, आणि तो माझा.

तर पाच तारखेला बोल्ट मागे ओढ आणि सोडून दे. हात काढून घे. कितीही आवाज होऊ दे. आपट पोरी. इथे आता कोणी झोपलेलं नाही.

आजी


६ डिसेंबर

आजी,

कागद सोबत आहे. मास्तरांनी झाकण ठेवलं, मग झाकण उचलून परत ठेवलं. मग म्हणाले, "काय बदललंस?" मी म्हटलं, "दार आपटलं." त्यांना वाटलं ही आमच्या डोंगरातली म्हण आहे. वहीत लिहून घेतली.

भोकांना नंबर आहेत. एकेक गोळी झाडली की मास्तर स्वतः दुर्बिणीत बघून सांगत होते, मी तसा हट्टच धरला. त्यांना बोटं येत नाहीत, इंचात सांगतात, पण चालवून घेतलं. एक नंबरचं भोक बाकीच्या चारांच्या मधोमध आहे. बोट लावून बघ.

जानेवारीत एल्किन्स. पहिल्या शनिवारी तुला तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे, तू काय मोडलंय म्हणशील ते म्हण. दुसऱ्या शनिवारी पट्टीवर. तू झाडायचीस, मी सांगणार.

ड्रेमा


१२ डिसेंबर

ड्रेमे,

कागद पोचला. पाच भोकं माझ्या अंगठ्याखाली मावली, आणि अंगठा माझा बारीक आहे. वरच्या फळीवर अंथरलाय, पिठाच्या डब्याखाली. या कागदातून पीठ एकाच जागी गळेल, खाली वाटी ठेवली की झालं. एवढ्या वर्षांत कपाटाला उपयोगी पडेल असा पहिलाच कागद.

डॉक्टरकडे येईन. बघून तो काय म्हणणार ते मला माहीत आहे, पण त्याला वाईट वाटू नये म्हणून येईन.

पट्टीवर येताना जाड तळव्याचे जोडे घालून ये. मी झाडलेलं तू नुसतं तिथून सांगून मला पटणार नाही. दर गोळीला चालत जायचं, कागद आणून माझ्या हातात द्यायचा, मी बोट लावणार, मग नंबर पडणार.

काल बर्ल आला. तुझं पत्र त्यानेच वाचून दाखवलं, दोनदा, आणि नाक शिंकरलं. थंडी फार आहे म्हणाला. जाताना दार आपटलं त्याने, सवयीने, आणि उंबऱ्यात थांबला, मी ओरडेन म्हणून.

मी काही बोलले नाही.

आजी